घरबसल्या कामाचा जमाखर्च

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी पुकारण्यात आली आणि ‘घरून काम’ हे दोन शब्द शहरातील सुशिक्षितांच्या तोंडी एकाएकी रुळले. कचेऱ्यांचे, बँकांचे, संगणक कंपन्यांचे व्यवहार घरातील जेवणाच्या मेजावर येऊन बसले. कामाची ही एक अपूर्व रीत माणसाला प्रथमच गवसली आहे, अशा थाटात तिच्या गुणदोषांची चर्चा झाली व ती अद्यापही चालू आहे. वस्तुतः महाराष्ट्राला ही रीत मुळीच नवी नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, नाशिक जिल्ह्यातील सिन्नरमध्ये, संगमनेरच्या परिसरात आणि विदर्भाच्या पूर्वेकडील गावांत हजारो स्त्रिया पिढ्यान् पिढ्या मांडीवर सूप घेऊन घराच्या उंबरठ्याशी विड्या वळत आल्या आहेत. त्याही घरूनच काम करतात. फरक एवढाच की त्यांच्या कामाला कोणी आधुनिक म्हटले नाही.

टाळेबंदीने मात्र या दोन प्रकारच्या घरकामांतील अंतर स्पष्टपणे दाखवून दिले. संगणकावर काम करणाऱ्या नोकरदाराचे कार्यालय बंद झाले, तरी काम चालू राहिले आणि महिनाअखेर पगार खात्यात जमा झाला. विडी वळणारी स्त्री आदल्या दिवशीच्याच जागी बसून होती. परंतु पाने व तंबाखू देणारी शाखा बंद झाली आणि तिची मजुरी त्याच दिवशी थांबली. घर दोघांनाही होते. एकाचे नाव मात्र हजेरीपटावर होते, आणि दुसरीला दिवसाच्या मालावर मोजले जात होते. घरी काम करणे चांगले की वाईट, हा प्रश्न यामुळेच अपुरा ठरतो. त्या कामाचा जमाखर्च कोणाच्या वहीत मांडला जातो, हे आधी पाहावे लागते.

प्रथम जमेची बाजू. ती मोठी आहे आणि तिची थट्टा करणे हे पोट भरलेल्या माणसाचे लक्षण होय. सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पुरुषांचे काम कधी यंत्रमागावर तर कधी नाक्यावर, असे अनिश्चित झाले. त्या काळात कित्येक घरांत चूल पेटती ठेवली ती बाईच्या विड्यांनी. हे काम ऊन-पावसात करावे लागत नाही. त्याला भांडवल लागत नाही. नळाला पाणी आले की उठता येते, तान्हे मूल रडले की घेता येते, घरातील आजारी माणसाकडे लक्ष राहते. विधवा, परित्यक्ता, पायाने अधू असलेली स्त्री, घराबाहेर पडण्यास ज्यांना घरातून मज्जाव आहे अशा सुना, या सर्वांना दुसरा कोणता रोजगार मिळाला असता? बसभाडे नाही, मुकादमाची अरेरावी नाही, अवेळी परतण्याची धास्ती नाही. स्वतःच्या हातची कमाई स्वतःच्या हाती पडते, आणि तिच्या जोरावर अनेक मुली शिकल्या, काही तर शिक्षिका व परिचारिकाही झाल्या. हे सारे खरे आहे.

आता खर्चाची बाजू. आणि तिच्यात शिरण्यापूर्वी विडी तयार कशी होते ते बारकाईने पाहणे इष्ट ठरेल, कारण तोटा त्या तपशिलातच दडलेला आहे. शाखेतून तेंदूची वाळलेली पाने, तंबाखू आणि दोरा तोलून मिळतो. पाने घरी आणून भिजवावी लागतात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मऊ करावी लागतात. मग पत्र्याचा साचा ठेवून एकेक पान कातरायचे, त्यात तंबाखू भरायची, बोटांनी वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधून माल शाखेत न्यायचा. मजुरीचा दर हजार विड्यांवर ठरलेला असतो. हजार विड्या म्हणजे हजारदा कातरणे, हजारदा भरणे, हजारदा बांधणे. चपळ हाताच्या बाईचाही सबंध दिवस त्यात जातो, आणि तिच्या जोडीला सासू किंवा मुलगी पाने कातरत बसलेली असते ती मजुरीच्या हिशेबात कोठेच धरलेली नसते.

या सर्व व्यवहारात कारखाना कोठे आहे? छप्पर तिचे, दिवा तिचा, पाने भिजवण्याचे पाणी तिचे, सूप व कात्री तिची. पाने निकृष्ट निघाली आणि त्यांत हजार विड्या बसल्या नाहीत, तर तूट भरून काढण्यासाठी पाने पदरमोड करून बाजारातून घेण्याची पाळी तिच्यावर येते. शाखेत माल तपासला जातो तेव्हा काही विड्या नापसंत ठरवून बाजूला काढतात. तिला ‘छाट’ म्हणतात. छाट झालेल्या विडीची मजुरी मिळत नाही. म्हणजे कच्च्या मालाचा दोषही तिच्या माथी आणि पक्क्या मालाचा दोषही तिच्याच माथी. तंबाखूची धूळ ज्या खोलीत उडते त्याच खोलीत स्वयंपाक होतो व तान्हे झोपते. पाठ, मान, डोळे आणि छाती यांची दुखणी या धंद्यात नित्याची आहेत. कारखाना असता तर हवा, उजेड, शौचालय, पाळणाघर यांसाठी कारखाना निरीक्षकाला मालकाला जाब विचारता आला असता. येथे तपासणी करायची म्हटली तरी कोणाच्या घराची करायची?

या प्रश्नाशी न्यायालये आणि कायदेमंडळ यांनी दीर्घकाळ झुंज घेतली आहे. तो इतिहास पंचायत सदस्यांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६०च्या दशकारंभीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असा प्रश्न आला होता की, विडीच्या कारखान्यात येऊन विड्या वळणारा माणूस कारखाना अधिनियमाच्या अर्थाने ‘कामगार’ आहे काय? तो मर्जीनुसार येई, मर्जीनुसार जाई, किती विड्या वळायच्या हे स्वतः ठरवी. बहुमताने निर्णय असा झाला की, त्याच्यावर मालकाचे नियंत्रण नसल्यामुळे तो कामगार नव्हे. सबब भरपगारी रजेचा हक्क त्यास नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. घरबसल्या कामाचा जो सर्वांत मोठा गुण सांगितला जातो, तो म्हणजे वेळेचे स्वातंत्र्य. नेमके तेच स्वातंत्र्य येथे माणसाच्या हक्काआड आले!

संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांसाठी जो कायदा केला, त्यात ही अडचण व्याख्येतच दूर केली. मालकाने किंवा कंत्राटदाराने कच्चा माल दिला आणि कामगाराने घरी बसून विड्या केल्या, तर तोही कर्मचारीच, असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मुख्यत्वे वैध ठरविला. परंतु कायद्याने कारखान्यातील कामगाराला जे दिले, ते चुकविण्यासाठी अनेक मालकांनी कारखान्यातील कामच घराकडे लोटले. सट्टेदार मध्ये घातला, की मालकाचे नाव कागदावरून नाहीसे होते. घरी काम करण्याची सोय म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा अशा रीतीने, कामगाराने न मागता, तिच्या दारात येऊन पडलेले असते. ही गोष्ट फायद्या-तोट्याच्या चर्चेत बहुधा विसरली जाते.

पुढे १९७७ साली भविष्य निर्वाह निधीची योजना विडी उद्योगाला लागू झाली तेव्हा वाद पुन्हा पेटला. घरी काम करणाऱ्यांवर आमची देखरेख नाही, मग ते आमचे कामगार कसे, असा मालकांचा युक्तिवाद होता. पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात त्याला जे उत्तर दिले ते अत्यंत मार्मिक आहे. काम करताना कोणी डोक्यावर उभे राहत नसले, तरी तयार माल नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि तो अधिकार हेच पुरेसे नियंत्रण होय. जी छाट इतकी वर्षे बाईच्या मजुरीला कात्री लावत होती, तीच तिच्या बाजूचा पुरावा ठरली. घरी वळणाऱ्या स्त्रीचा भविष्य निर्वाह निधीवरील हक्क त्यामुळे मान्य झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या असून १९६६चा तो कायदा आता स्वतंत्रपणे उरलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृहाधारित कामगार’ अशी व्याख्या आहे आणि ती व्यापक आहे. मालकासाठी स्वतःच्या घरी किंवा आपल्या पसंतीच्या जागी वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती, मग साहित्य मालकाने दिलेले असो वा नसो, तिच्यात बसते. (घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या ‘घरेलू कामगार’ निराळ्या. अर्ज भरताना या दोन शब्दांची गल्लत वारंवार होते.) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली संमत केला, भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

विडीचे चित्र पाहून कोणी असे म्हणेल की घरबसल्या काम म्हणजे शोषणच. तसे म्हणण्यापूर्वी मुंबईतील एका गच्चीचा इतिहास आठवावा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तेच पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड झाले. १९६६ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्यास मान्यता दिली, आणि संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथील दिनक्रम विडीच्या शाखेसारखाच आहे. स्त्रिया सकाळी केंद्रावर येतात, आदल्या दिवशी घरी लाटलेले पापड देतात, मळलेले पीठ घेऊन जातात. मजुरी येथेही मालाच्या वजनावर, तपासणीही येथे कसून होते. मग फरक कोठे पडतो?

पहिला फरक मालकीचा. लाटणारी भगिनी ही संस्थेची सभासद आहे. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तोही तिचा. कंत्राटदार मध्ये नाही. दुसरा फरक पिठाचा. ते केंद्रावर एकाच प्रमाणात मळले जाते. त्यामुळे कच्च्या मालाच्या दोषाचा बोजा घरी येत नाही. तिसरा फरक अधिक सूक्ष्म आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. सभासद करून घेताना त्या स्त्रीचे घर पाहिले जाते. जागा स्वच्छ आहे काय, पापड वाळवण्याची सोय आहे काय, हे तपासतात. तशी जागा नसेल तर तिला विन्मुख पाठवीत नाहीत. पीठ मळणे, वजन करणे, पाकिटे भरणे अशी केंद्रावरील कामे तिला देतात. म्हणजे घर हे कामाचे ठिकाण आहे हे संस्थेने उघडपणे मान्य केले, आणि ज्यांचे घर त्यास योग्य नाही त्यांच्यासाठी घराबाहेर दार उघडे ठेवले. विडी उद्योगात घर गृहीत धरलेले असते. ते कसे आहे हे कोणी पाहत नाही.

अर्थात पापडाचे उदाहरण म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. संस्थेचा शिक्का आणि बाजारपेठ उभी करण्यास तिला दशके लागली. आज गावोगावचे बचत गट पापड, लोणची, मसाले करतात. त्यांतील पुष्कळांचा माल जिल्ह्याच्या प्रदर्शनापलीकडे जात नाही, हे अधिकाऱ्यांना ठाऊकच आहे. लाटण्याचे प्रशिक्षण देणे सोपे असते. विकण्याची व्यवस्था लावणे अवघड असते, आणि अनुदानाचा ओघ बहुधा सोप्या गोष्टीकडे वळतो.

येथे शिक्षकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. घर कारखाना झाले की घरातील मूल त्या कारखान्यात आपोआप भरती होते. १९८६च्या बालमजुरीविषयक कायद्याने विडी वळणे मुलांना निषिद्ध केले, परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्यातून सूट दिली; आणि विडीचे काम तर बहुतांशी कुटुंबातच चालते. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास केवळ धोकादायक नसलेल्या कौटुंबिक कामात, तेही शाळेची वेळ सोडून, मदत करता येते. तंबाखूचे काम धोकादायक नाही, असे कोणीही म्हणणार नाही. पण सातवीतील मुलगी पहाटे पाने कातरून मग शाळेत येते, ही गोष्ट निरीक्षकाला कळत नाही. ती कळते वर्गशिक्षकाला. बोटांच्या टोकांवर, पेंगुळलेल्या डोळ्यांत, आणि शाखेत माल द्यायचा असतो त्या वेळच्या गैरहजेरीत. अशा वेळी पालकांना दरडावण्यापेक्षा एक उपयुक्त काम करता येते. विडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्र शासनाची शिष्यवृत्ती योजना असून तिचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरले जातात. त्यासाठी आईचे विडी कामगार म्हणून ओळखपत्र लागते. ते नसेल तर ते का नाही, हा प्रश्न शाळेतून विचारला गेला तर त्याचे वजन वेगळे पडते. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला. त्यासाठीचा विडीवरील उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर रद्द झाला. त्यामुळे या योजना पूर्णपणे अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून आहेत, आणि मागणी नोंदलीच नाही तर तरतूद टिकण्यास आधार राहत नाही.

संगणकावरील कामाविषयी थोडक्यात. मुंबईच्या लोकल गाड्यांत रोज तीन-चार तास घालविणाऱ्याला घरून काम ही मोठीच सुटका आहे. कोकणातील किंवा मराठवाड्यातील तरुण-तरुणी गावी राहून पुण्यातील कंपनीचे काम करू शकतात, हा लाभही थोडा नव्हे. फक्त वीज आणि इंटरनेट अखंड हवे. २०१७ साली, म्हणजे साथीच्या तीन वर्षे आधीच, प्रसूतीविषयक कायद्यात अशी तरतूद झाली की कामाचे स्वरूप तसे असेल तर प्रसूती रजेनंतर उभयतांच्या संमतीने स्त्रीला घरून काम करता यावे. त्याच दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघरही बंधनकारक केले. या दोन तरतुदी एकत्र वाचाव्यात. घरून काम दिले म्हणून पाळणाघराची गरज संपली, असा अर्थ काढणे सोयीचे असेल, न्याय्य नव्हे. तोटे सर्वांच्या परिचयाचे आहेत: कामाची वेळ संपत नाही, वरिष्ठांचा संदेश रात्री जेवताना येतो, नवख्याला शेजारच्या मेजावरून शिकता येत नाही, आणि स्त्री घरी आहे म्हणजे मोकळीच आहे असे घरातील सर्वांना वाटते. परंतु या नोकरदाराकडे नेमणूकपत्र आहे, हे विसरू नये. नेमणूकपत्राशिवाय, दर नगावर संगणकाचे काम घरी करणारी जी नवी पिढी तयार होत आहे, तिची स्थिती विडीच्या सुपाला अधिक जवळची आहे.

पंचायत सदस्यांच्या हाती काय आहे? कायदा करणे नाही, मजुरीचा दर ठरविणेही नाही. परंतु गावात कोणत्या घरांत कोणते काम येते, ते कोण आणून देतो आणि कोण नेतो, याची यादी ग्रामपंचायतीइतकी अचूक दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही. सट्टेदाराचे नाव त्या यादीत आले, की मालकाचे नाव शोधणे श्रम अधिकाऱ्याला सोपे जाते. भविष्य निर्वाह निधीत नाव नसलेल्या, मसाला कुटणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या १६ ते ५९ वयाच्या स्त्रियांची नोंद ई-श्रम पोर्टलवर होऊ शकते. ते २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा एक विषय घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. शाखेत माल देताना छाट किती झाली याची चिठ्ठी मागण्याची सवय स्त्रियांना लागली, तर ती चिठ्ठी पुढे कामाचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. एकेकटीने मागितल्यास दुसऱ्या दिवशी पाने न मिळण्याचे भय असते. दहाजणींनी मिळून मागितल्यास ते भय बरेच कमी होते.

आणि घरकुलाचे पाहावे. सोलापुरात विडी कामगार स्त्रियांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभारली. पुढे त्याच परिसरातील रे नगर येथे १५ हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. या स्त्रियांसाठी घर मिळणे म्हणजे निवाऱ्याबरोबर कामाची जागा मिळणे होय. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. एवढ्या जागेत कुटुंब राहणार आणि धंदाही चालणार. पैसे कमी पडू लागले की सर्वप्रथम ओटीला कात्री लागते, आणि कित्येक गावांत बाईची कामाची बैठक नेमकी ओटीवरच असते. चौथऱ्याची आखणी करण्यास ग्रामपंचायत अधिकारी जातील तेव्हा त्यांनी घरातील स्त्रीला ती कामाला कोठे बसते, एवढे विचारून घ्यावे. खिडकी त्या बाजूला ठेवण्यास जादा खर्च येत नाही.